पाठांतराचं बक्षीस

त्या मुलाला तेविसावं स्तोत्र असं पाठ होतं की मध्ये श्वासही घ्यायचा नाही. सुरतेत उधन्याच्या बाजूला दर रविवारी भरणाऱ्या मराठी शब्बाथशाळेत सलग तीन वर्षं पाठांतराच्या बक्षिसाचा स्टीलचा डबा त्यानेच नेला. पुढे तो लूमवर लागला आणि हळूहळू रविवारी दिसेनासा झाला. एकदा बाजारात भेटला तेव्हा शब्बाथशाळेच्या बाईंनी जरा रागावूनच विचारलं, येत का नाहीस? तो म्हणाला, "वचनं अजून येतात बाई. पण कारखान्यात पोरं विचारतात, तू हे खरंच मानतोस का? तेव्हा काय बोलावं सुचत नाही."

बक्षिसं बाईंनीच वाटली होती.

मोबाइलवर, संगतीवर खापर फोडून त्या मोकळ्या झाल्या असत्या. मंडळीत बहुतेक जण तेच करतात. पण सुरतेत देव नाही म्हणून वाद घालणारा क्वचितच भेटतो. इथे वेळच नसतो. लूमची पाळी बारा तासांची, सुट्टी रविवारीच मिळेल याचा भरवसा नाही. त्यात २०११च्या जनगणनेनुसार गुजरातेत ख्रिस्ती जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे दोनशेंत एक. शाळेत आपल्यासारखं दुसरं कुणी नाही, घरी बोलायला कुणाला सवड नाही. अशात श्रद्धा मोडत नाही, नुसती अडगळीत पडते.

गंमत अशी की रविवारची शाळा जन्मली ती असल्याच मुलांसाठी. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी १७८०मध्ये ती सुरू केली, कारण तिथली पोरं आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली असत. आधी वाचायला शिकवायचं, मग शास्त्र. उधन्यातही अक्षरांपासूनच सुरुवात करावी लागते. बरीच मुलं गुजराती माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण देवनागरी बायबल अडखळत वाचतात. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फाइवी १८१५मध्ये सुरतेत आले, बायबल गुजरातीत आणून त्यांनी ते इथेच छापलं. तेव्हा गुजराती प्रत हाताशी आहेच. बाई दोन्ही प्रती शेजारी ठेवतात. वाचन गुजरातीत, प्रार्थना मात्र आईच्या बोलीत, मग ती अहिराणी असो की नवापूरकडची मावची. देवाशी पुस्तकी बोलायला लावलं की मूल त्याच्याशी बोलणंच सोडतं, हे त्यांचं पक्कं मत.

डब्याचं बक्षीस बंद झालं. त्यातलाच एक उरलेला डबा आता प्रश्नांसाठी आहे. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पहिल्याच महिन्यात एक चिठ्ठी निघाली: माझा मित्र गणपती बसवतो, तो नरकात जाणार का? बाईंनी कबूल केलं की याचं पुरं उत्तर त्यांनाही ठाऊक नाही. येशूने शोमरोनी माणसाची गोष्ट कुणाला आणि का सांगितली, ते मात्र आपण वाचू. एका वडिलांना ते रुचलं नाही. शिक्षिकेलाच ठाऊक नाही, तर पोरांनी काय शिकायचं? त्यांची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. नुसते प्रश्न काढून मुलांना वाऱ्यावर सोडणं हाही आळसच. म्हणून प्रत्येक चिठ्ठीमागे बाईंचा आठवडाभराचा अभ्यास असतो.

प्रश्नाची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गोव्यातल्या सासष्टीत पाद्री ख्रिस्ती मुलांना दोत्रीन, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवत असताना नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण उठतो आणि विचारतो, जुनी पुराणं सुटली, त्यांच्या जागी आम्हांला काय? थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची सुरुवात ही अशी आहे. उत्तरादाखल अकरा हजारांच्या आसपास ओव्या झाल्या. १६१६मध्ये रायतूरला त्या छापल्या गेल्या. नुसता पाठ पुरत नाही, पोटाला गोष्ट लागते, हे त्या नवख्रिस्त्याने ओळखलं होतं.

आणि घर? कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. पत्नी लक्ष्मीबाई लगेच मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, आणि काही वर्षांनी आपल्या पायांनी आल्या. पुढे मुलगा देवदत्त आणि नातू अशोक यांनी त्या दोघांचं लेखन जपलं, संपादलं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं ते हे की त्या घरात श्रद्धेवर मोठ्याने भांडता येत होतं, हसताही येत होतं. बाई ते पुस्तक आयांना वाचायला देतात. गृहपाठही आता मुलांना नसतो, आईबापांना असतो: आठवड्यातून एकदा पोरांना सांगा, तुमची कुठली प्रार्थना फळली नाही.

शेजारची मुलंही कधी खेळायला येऊन बसतात. राज्यात २००३पासून धर्मांतरावर बंधनं घालणारा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे. पण कायदा नसता तरी बाई त्यांच्या घरी आधी विचारून आल्याच असत्या.

तो लूमवाला अधूनमधून येतो. मागे बसतो, गात नाही.

गेल्या रविवारी डब्यात चार चिठ्ठ्या होत्या, चारही मराठीत, पण गुजराती लिपीत. एकीवर लिहिलं होतं: पप्पा रात्रपाळीहून येऊन एकटेच प्रार्थना करतात, आम्हांला का उठवत नाहीत? बाईंनी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी ज्यांना सुट्टी आहे, त्या सगळ्या वडिलांना त्यांनी वर्गात बोलावलं आहे.