तीन ते दहा

दारू सोडताना हातापायांची थरथर, घाम, उडालेली झोप हे सगळं साधारण आठवडाभरात मागे पडतं. तेवढे दिवस डॉक्टर जवळ असतात, औषधं चालू असतात. त्यानंतर जे सुरू होतं त्याला गोळी नाही, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलतही नाही. ते म्हणजे कंटाळा.

मी सिन्नरचा. माळेगावच्या एमआयडीसीत फिटर आहे. पहिली पाळी सकाळी सातला लागते आणि तीनला सुटते. दारू सुटल्यानंतरचे माझे सुरुवातीचे महिने दुपारी तीन ते रात्री दहा या सात तासांशी झगडण्यात गेले. त्यात मला जे उपयोगी पडलं ते लिहून ठेवतो आहे, कारण चांगला उपचार घेऊन आलेली माणसं नेमकी याच वेळेत पुन्हा प्यायला लागलेली मी पाहिली आहेत.

माझा उपचार पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात झाला. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी केलेल्या आर्थिक मदतीच्या बळावर डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. तिथे दिवसाला शिस्त होती. उठायची, व्यायामाची, कामाची, गटात बसून बोलायची, झोपायची, प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली. समुपदेशकांतले बरेच जण स्वतः त्याच वाटेने गेलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे काही लपवावं लागत नसे. घरी आलो तेव्हा तब्येत सुधारली होती, मन खंबीर होतं. फक्त ते वेळापत्रक तिथेच राहिलं होतं.

पूर्वी पाळी सुटली की गेटवरच कोणीतरी म्हणायचं, "काय भाऊ, बसायचं का?" मग चार-पाच जणांची वर्गणी, चकणा, साहेबांच्या गोष्टी, गावच्या निवडणुकांचे हिशेब. घरी यायला नऊ वाजत. दारू सोडली तेव्हा बाटलीबरोबर मित्र, गप्पा, नेहमीचा रस्ता, सगळी संध्याकाळच गेली. साडेतीनला घरी यायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा. घड्याळात पाहावं तर चार. टीव्ही लावावा, बंद करावा. गच्चीवर जाऊन यावं. पाच वाजलेले नसत. त्या वेळी दारू प्यावीशी वाटतच असे असं नाही, पण काहीच करावंसं वाटत नसे. मुलगी शाळेतून येऊन काही सांगायला लागली तरी लक्ष लागायचं नाही. जेवणाला चव नव्हती, गाण्यात गोडी नव्हती.

हे काय होतंय, असं मी पाठपुराव्याला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. आनंद वाटावा म्हणून मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन काम करतं. दारू ते रसायन एकदम उसळवते. वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो. मग दारू बंद झाल्यावर चहा, गप्पा, मुलीचं हसणं या रोजच्या गोष्टी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. ते पूर्वपदावर यायला काही आठवडे लागतात, कित्येकांना महिने लागतात. "हा तुमचा स्वभाव नाही, हा आजाराचा उरलेला भाग आहे. जखम भरताना खाज सुटते, तसंच समजा," असं ते म्हणाले. या एका वाक्याने माझा जीव भांड्यात पडला. आता आयुष्यभर असंच सपक जगायचं, या धास्तीनेच माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. हे संपणार आहे असं कळलं की थांबायला बळ येतं.

पण नुसतं थांबून भागत नाही. मी आधी रस्ता बदलला. कंपनीची बस आडव्या फाट्याला थांबते. तिथून घरी जाताना ओळखीचं दुकान लागायचं. मी एक थांबा आधी उतरायला लागलो आणि लांबच्या वाटेने पायी घरी जाऊ लागलो. त्यात चाळीसेक मिनिटं जात आणि अंगही दमे. दुसरं, खिशात गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे ठेवले. दारू सुटलेल्याला गोड खावंसं वाटतं, आणि रिकाम्या पोटी तलफ लवकर येते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांना सांभाळा, असं केंद्रात पुन्हा पुन्हा बजावलेलं. त्या यादीत मी स्वतःपुरता कंटाळा जोडला.

तलफ आली की काय करायचं, हेही शिकलो. ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसन पुन्हा जडू नये यासाठी आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की तलफ लाटेसारखी असते. ती चढते, टोकाला जाते आणि आपोआप उतरते. तिच्याशी कुस्ती खेळायची नाही, तिला बळीही पडायचं नाही, ती चढताना आणि उतरताना पाहत राहायचं. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ती ओसरते. मी ते करून पाहिलं. छातीत कुठे आवळल्यासारखं होतं, तोंडाला पाणी कधी सुटतं, हात कशासाठी शिवशिवतात, हे नीट पाहायचं. पाहता पाहता जोर कमी व्हायचा. त्या अर्ध्या तासात हाताला काम असलं तर आणखी सोपं जायचं.

हाताचं काम मला आईनेच दिलं. आईने आयुष्यभर विड्या वळल्या. सिन्नरच्या कितीतरी घरांतल्या बायकांनी त्याच कामावर संसार केले. मांडीवर सूप, ओलसर पानं, कात्री, आणि बोटं अशी चालायची की नजर दुसरीकडे असली तरी विडी वळून व्हायची. आता तिने ते सोडलं आहे. ती एकदा म्हणाली, "नुसता फेऱ्या काय मारतोस? ये, भाकरी थाप." मी परात पुढे ओढली.

बाजरीच्या भाकरीला घाई चालत नाही आणि ढिलाईही चालत नाही. एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं, कोमट पाणी घालून तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. बाजरीच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून मळणं कमी पडलं की कडा फाटतात. परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा ठेवायचा आणि हाताने थापत गोल फिरवत न्यायचा. मग हलक्या हाताने उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटत आलं की उलटायची. खालची बाजू भाजली की सरळ आचेवर. सुरुवातीला माझी भाकरी तव्यापर्यंत जातानाच तुटायची. आई काही बोलायची नाही, पिठाचा डबा पुढे सरकवायची. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात दुसरा विचार डोक्यात येऊच शकत नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तवा तापलेला असतो. पहिल्यांदा भाकरी टम्म फुगली तेव्हा मला आनंद झाला, आणि आपल्याला आनंद झाला हे कितीतरी दिवसांनी जाणवलं. डॉ. अनिल अवचट कागदाच्या घड्या घालत, लाकूड कोरत, बासरी वाजवत, हे मी केंद्रात ऐकलं होतं. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या माणसाला छंद एवढे जवळचे का वाटत असावेत, ते मला परातीपुढे उमगलं.

संध्याकाळी गोंदेश्वराला जाऊ लागलो. गावातलंच यादवकालीन देऊळ, तरी मी तिथे इतकी वर्षं फक्त महाशिवरात्रीला जात होतो. मधे महादेवाचं मोठं मंदिर, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, पुढे नंदीचा मंडप. मुख्य शिखर पाहिलं तर त्याच्यावर तशाच छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी खालून वर चढत गेल्या आहेत, वर जाताना लहान लहान होत. मी एक वही आणि पेन्सिल घेऊन जायचो आणि रोज त्यातला एकच तुकडा काढायचा प्रयत्न करायचो. चित्र चांगलं यावं ही अपेक्षाच नव्हती. पण काढायचं म्हटलं की पाहावं लागतं, आणि पाहायला लागलं की वेळ जातो. एकाच खांबावर आदल्या दिवशी न दिसलेलं काहीतरी दुसऱ्या दिवशी दिसायचं. ज्या माणसाला कशातच रस वाटत नव्हता, त्याला काळ्या दगडातल्या एका वेलबुट्टीसाठी उद्याची वाट पाहावीशी वाटू लागली.

तिथे बसून एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या खेड्यांतली जुनी माणसं दिवेलागणीची वेळ मोकळी ठेवत नसत. धारा काढायच्या, देवळात हरिपाठ, पोरांना तालीम, रात्री भजन. आमच्याकडे दारू सोडायची म्हणजे गळ्यात माळ घालायची, अशी रीतच होती. माळकऱ्याला कोणी पेला पुढे करत नाही हा तिचा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की त्याला संध्याकाळी जायला जागा असते आणि तिथे त्याची वाट पाहणारी माणसं असतात. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत झाली, माळेगावची एमआयडीसी झाली, हातात दरमहा पगार आला. ते चांगलंच झालं. पण पाळी सुटल्यावरच्या वेळेचं काय करायचं, याची सोय कोणी केली नाही. ती जागा परमिट रूमने भरली. सिन्नरच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक गावात जा, हेच दिसेल.

माणसांची सोय मला दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सभांनी करून दिली. मोहदरीचा घाट उतरून नाशिकला जायचो. ही संघटना जन्मली तीच मुळी एका मोकळ्या संध्याकाळी. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात गेला होता. काम फिसकटलं होतं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते, आणि परक्या गावात शनिवार-रविवार एकट्याने काढायचा होता. हॉटेलच्या एका टोकाला बार होता, तिथून हसण्याचे आवाज येत होते. तो दुसऱ्या टोकाच्या टेलिफोनकडे गेला आणि चर्चना फोन लावून विचारू लागला की दारूशी झगडणारा कोणी या गावात आहे का. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापना दिवस मानतात. मी जेव्हा जेव्हा संध्याकाळी फोन उचलतो तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. सभेतल्या एका ज्येष्ठाने मला सांगून ठेवलं होतं, "प्यावंसं वाटल्यावर नको, कंटाळा आल्यावर फोन कर." मी केला. कधी ते फक्त त्यांच्या शेतातल्या कांद्याबद्दल बोलायचे. तेवढंच पुरायचं.

ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते आणि आमच्या तालुक्यातून जाते. दातलीला रिंगण होतं. मी त्या दिवशी रजा टाकून वारकऱ्यांना पाणी वाटायला गेलो. उन्हात पिंपं भरायची, जग उचलायचे, माउली माउली म्हणत पाणी द्यायचं. आपली कोणाला तरी गरज आहे हे कळलं की कंटाळ्याला घुसायला जागा उरत नाही. त्यानंतर वस्तीतल्या पोरांना सुट्टीच्या दिवशी सायकल दुरुस्ती शिकवायला लागलो, तेही याच कारणाने.

काही गोष्टी टाळाव्या लागतात, त्याही सांगायला हव्यात. कंटाळा घालवायला माणूस तंबाखू वाढवतो, गुटखा धरतो, मोबाइलवर रमीचे डाव लावतो. त्याने मेंदूला पुन्हा तीच सवय लागते. आणि प्रत्येक मिनिट भरून टाकायचा अट्टहासही नको. आता कधी कधी मी ओट्यावर काही न करता बसतो, थोडा कंटाळा येतो आणि जातो. तो सहन होतो, हेच बरं होण्याचं लक्षण आहे असं मला वाटतं.

माझ्यासारख्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. खूप दिवस रोज पीत असाल तर दारू एकट्याने, एकदम, घरी बंद करू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. आणि सोडल्यावर आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल तर तो कंटाळा नसून नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत, लगेच दाखवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत.

आणि घरच्यांना एक विनंती. तुमचा माणूस दारू सोडून घरी आला की त्याला जपून, नुसतं बसवून ठेवू नका. "सोडली ना, मग आता तोंड पाडून का बसलास?" असंही म्हणू नका. त्याला रोज संध्याकाळी करायचं एक काम द्या, जे त्याने केलं नाही तर घराचं अडेल असं. ते चुकेल, सांडेल, फाटेल. तरी ते त्याच्याकडेच राहू द्या.