दुडकी

गुडघे कुरकुरू लागल्यापासून कुत्र्यांच्या शोमध्ये मी दोरी पुतणीच्या हाती देतो आणि रिंगणाबाहेर खुर्चीत तळमळत बसतो. बाकी सगळं अजून जमतं. कुत्रा उभा करणं, दात दाखवणं यात काही अडत नाही. अडतं ते दुडकीशी. कारवानी कुत्र्याचा एकच वेग खरा. त्याहून हळू नेला की तो उंटासारखे एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो. ताणला की उड्या मारत सुटतो. मधल्या एवढ्याशा फटीत खांदे मोकळे होतात, पाठ हलत नाही, आणि परीक्षकाला नेमकं तेच बघायचं असतं. वेग कुत्र्याचा, पण गाठायचा आपल्या पायांनी. माझे पाय आता तिथवर पोचत नाहीत.

पुतणीचे पोचतात, पण दोरी ताठ! पैसे घेऊन दुसऱ्यांचे डॉबरमन फिरवणाऱ्या हँडलरांचं बघून शिकलीय. मान वर टांगायची, म्हणजे जनावर ऐटबाज दिसतं. फोटोत दिसतंही. चालताना मात्र पुढची टांग तोकडी पडते. त्यात कारवानीला परक्याचा हात मुळातच नकोसा. दोरीतला ताण कळला की परीक्षक वाकण्याआधीच तो अंग चोरतो. मी बाहेरून "सोड, सोड" म्हणतो. बाहेरून शिकवायला मनाई आहे, हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? "काका, स्ट्युअर्ड बघतोय," ती दात आवळून म्हणते.

प्रेक्षक आमच्याकडे फिरकत नाहीत. ते हस्कीबरोबर सेल्फी काढतात, तासभर विंचरून सजवलेल्या पूडलच्या डोक्यावर न विचारता हात फिरवतात. इथे प्रत्येक कुत्रा आधी आपापल्या जातीच्या लेखी मानकाशी ताडला जातो, हे सांगू लागलो की विचारतात, "केवढ्याला घेतला?" कारवानी तर पुष्कळदा जातीत एकटाच असतो. परीक्षकाने चॅलेंज सर्टिफिकेट रोखलं नाही तर तेही आयतंच मिळतं. खरी परीक्षा पुढे, गटात, सालुकी आणि अफगाणच्या शेजारी.

गेल्या हिवाळ्यात तशाच एका गटफेरीत तिची दोरी सैल पडली. माझं ऐकून नव्हे, तळव्याला घाम सुटला होता म्हणून. कुत्रा असा चालला की शेजारचा सालुकीवालासुद्धा वळून बघत राहिला. तिसरा नंबर आला. लोक तिच्याभोवती जमले, तसा मी गुडघे विसरून मध्ये घुसलो आणि चारचौघांना ऐकवलं, पिल्लू माझ्या घरचं, चालही मीच बसवलीय. चाल आईबापांकडून येते, ती कुणी बसवत नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फोटोत कपही मीच धरलाय.