रानात गेलेत

लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की पहिल्याच दिवशी मी विचारायचो, "आबा कुठं आहेत?" आजी चुलीपुढून सांगायची, "रानात गेलेत." मी शहरातला. रान म्हणजे वाघ, हे मला पुस्तकानं शिकवलेलं. दुपारी आबा धोतराला कुसळं चिकटवून सुखरूप परतायचे, तेव्हा मला त्यांच्या शौर्याचं मोठं नवल वाटे. रान म्हणजे त्यांची चार एकर कोरडवाहू ज्वारी, हे पुष्कळ उशिरा कळलं.

मराठीत जंगलालाही रान म्हणतात आणि पेरलेल्या शेतालाही. कवी ना. धों. महानोरांचं सगळं गाणं या एका शब्दाच्या पोटात मावतं, असं मला वाटतं. पळसखेड्याचा हा शेतकरी. अजिंठ्याच्या डोंगरांलगतचं, आभाळाकडे डोळे लावून बसणारं त्यांचं गाव. 1967 साली पहिला संग्रह आला, 'रानातल्या कविता'. त्या नावातलं रान कुठलं, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

पुढं 1977 सालच्या 'जैत रे जैत' या चित्रपटासाठी त्यांनी गाणी लिहिली. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गोष्ट मात्र पळसखेड्यापासून फार लांबची, कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याच्या ठाकर आदिवासींची. कर्नाळ्याला पाऊस कोसळतो, पळसखेड्याला तो चुकवून जातो. कोरडवाहू माणसानं धो धो पावसाच्या मुलखाची गाणी लिहावीत आणि ती तिथलीच वाटावीत, हे कसं जमलं असेल? पाण्याची किंमत ज्याला ठाऊक तोच पावसाचं खरं कौतुक करू शकतो, एवढंच मला सुचतं.

ती गाणी आपण आनंदाची म्हणून ऐकतो. ढोल वाजतो, पाय हलतात. पण गोष्ट आठवून पाहा. राणीमाशीच्या डंखानं डोळा गमावलेला नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरची मोहोळं उतरवायचा पण करतो. ती उतरवतो, आणि त्याच पायी जिच्यावर जीव आहे त्या चिंधीला गमावून बसतो. जैत म्हणजे जीत. नावातच केवढा उपरोध! मराठी सिनेमातली निसर्गाची इतकी सुंदर गाणी माणसानं डोंगराशी मांडलेल्या वैराच्या गोष्टीत यावीत, याचा विचार मी कित्येक वर्षं केलाच नव्हता. चाल इतकी गोड, की तिच्याआडून ते वैर निसटून जातं.

'पर्यावरण' हा शब्द मी एकदा ठेक्यावर म्हणून पाहिला. जमला नाही. परिपत्रकात तो शोभतो, गळ्यातून उतरत नाही. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत शाळेची मुलं झाडं लावण्याची गाणी म्हणतात, तेव्हा बिचाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाढे म्हणतानाचाच भाव असतो. त्या गाण्यांत झाड असतं. बाभूळ नसते, हिवर नसतो, पळस नसतो. नाव नसलेल्या झाडासाठी कुणाचा जीव तुटायचा? महानोरांनी काळजी गाण्यात कोंबली नाही. 1978 मध्ये ते विधान परिषदेवर गेले तेव्हा पाण्याचा, शेतीचा प्रश्न त्यांनी तिथं मांडला, साध्या गद्यात. पुढं कवितेतही पडझड शिरली. 2000 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या संग्रहाचं नावच 'पानझड' आहे. 3 ऑगस्ट 2023 रोजी ते गेले. त्या दिवशी आमच्या इमारतीत दोन-तीन घरांतून 'जैत रे जैत'च वाजत होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही तिघं मित्र कर्नाळ्याला गेलो. मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच अभयारण्य आहे. झाडीत बरंच आत शिरलो तरी ट्रकचे हॉर्न पाठ सोडत नाहीत. वर किल्ल्यावर उभ्या अंगठ्यासारखा सुळका, आणि त्याच्या कपारींना आग्या मोहोळं लटकलेली. आग्याचं पोळं एकच असतं, उघड्यावर, खाली लोंबणारं. लांबून काळ्या घोंगडीचा तुकडा वाळत घातल्यासारखं दिसतं. नीट पाहिलं की त्या घोंगडीवरून लाट सरकते. हजारो माश्या एकामागोमाग अंग उचलतात आणि पुन्हा स्थिर होतात.

एका मित्राला राहवेना. महानोरांची आठवण म्हणून त्यानं मोबाइलवर 'जैत रे जैत'मधलंच एक गाणं लावलं. ढोलाचे पहिले ठोके उमटले न उमटले, तोच मागून येणारा एक म्हातारा थांबला. डोक्यावर मोळी, हातात कोयता. त्यानं आधी सुळक्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"दादा, ते बंद करा," तो हळूच म्हणाला. "वर ऐकतात."

मित्रानं गाणं बंद केलं. उरलेली वाट आम्ही पाय न वाजवता उतरलो.