वेळणेश्वर : माड आणि माणसें
कुलस्वामीच्या दर्शनास आम्ही वेळणेश्वरीं गेलों, तों समुद्रालगतच्या वाड्यांतून ओट्यांवर बहुधा वृद्धच भेटले. २००१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत १६,९६,७७७ माणसें होतीं. २०११ च्या खानेसुमारींत १६,१५,०६९ च भरलीं. तरुण मुंबईस जातात. तेथून पैसा येतो, पण माडावर चढणारे हात येत नाहींत. मजुरी चढते, नारळांतून ती सुटत नाहीं आणि वाडी ओस पडते. जिल्ह्यांतील अनेक आंबेबागा आज नेपाळी गडी राखितात. गांवाची उणीव अशी बाहेरून भरते. परंतु २०२३ सालीं शेंकडा सुमारें २९ माणसें पासष्टीस पोंचलेल्या जपानानें हात कोठून आणावेत? साठविलेला पैसा म्हातारपणीं उपयोगी पडतो तो राबणारे असतील तरच. वडिलांस पैसे पाठवून निश्चिंत होणाऱ्या आमच्या कुटुंबांनीं हें ध्यानीं घ्यावें.