जास्वंदीतला शिंपी

पावसाळ्यात आमच्या अंगणात उजेड फारसा येतच नाही. जाफरनगरच्या गल्ल्यांत आता दोन्ही बाजूंनी मजले चढलेत. त्यांच्या मध्ये आमचं जुनं बैठं घर, एक जास्वंद, एक लिंबू आणि मेंदीचं कुंपण. शाळेतून आलो, असरची नमाज झाली, की आम्ही बापलेक कॅमेरा घेऊन खिडकीशी बसतो. कॅमेरा सीताबर्डीवरून जुनाच घेतलेला, सोबत 300 मिलिमीटरची साधी लेन्स.

पाहुणे ठरलेले. शिंजीर, चष्मेवाला, कधी दयाळ. सगळ्यांत चुळबुळ्या मात्र शिंपी. मुठीत मावेल एवढा जीव आणि आवाज सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असा.

पहिला महिनाभर आम्ही नुसते हिरवट डाग काढले. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करायला वेळ मागतो. शटर 1/60 सेकंद उघडं राहिलं, की तेवढ्यात शिंप्याने मान वळवलेली असते. मग ठरवलं, शटर 1/250 च्या खाली येऊ द्यायचं नाही. त्यासाठी आयएसओ 3200, कधी 6400 वर न्यावा लागला. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागले. लेकीला ते आवडेनात. पण दाणे नंतर थोडे कमी करता येतात, हललेला पक्षी मात्र कशानेच सरळ होत नाही. मागे पांढरं ढगाळ आभाळ असलं की कॅमेरा फसतो आणि पक्षी काळाठिक्कर येतो, तेव्हा एक्स्पोजर एक पायरी वर. कोपराखाली तांदळाची पिशवी, खोलीतला दिवा बंद. बाकी सगळी वाट पाहण्याची मजुरी.

गेल्या वर्षी जुलैत शिंप्याच्या जोडीने जास्वंदीत घरटं केलं. पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून, कोळ्याच्या जाळ्याचे नि कापसाचे धागे ओवून शिवलेली ती पिशवी आम्ही इतक्या जवळून प्रथमच पाहिली. पिल्लं आली. पण वरची दोन मोठी पानं घरट्यावर छपरासारखी झुकलेली, आत मिट्ट काळोख. फ्लॅश मारायचा नाही, एवढी अक्कल होती. म्हणून आम्ही कपड्याच्या दोरीवरचा चिमटा आणला आणि ती दोन पानं मागे फांदीला लावून टाकली.

फोटो सुरेख आला. तीन उघड्या चोची, आतली केशरी झाक, चिलटं घेऊन आलेली आई. आम्ही तो रात्री उशिरापर्यंत पाहत बसलो. चिमटा काढायचा राहून गेला.

सकाळी पिशवी रिकामी. कावळा की भारद्वाज, कोण जाणे. दोघं शिंपी चोचीत अळी धरून फांदी-फांदीवर ओरडत होते. अम्मी तसबीह हातात घेऊन ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी चिमटा पाहिला. "उसके घर का परदा हटा दिया तुमने?" एवढंच म्हणाल्या. मग ती हदीस सांगितली, जी आम्ही स्वतः वर्गात कितीदा शिकवली आहे. सफरीत कुणीतरी एका पाखराची पिल्लं उचलली, आई पंख पसरून फडफडू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) पिल्लं परत ठेवायला लावली. आमच्याकडे परत ठेवायला काही उरलं नव्हतं. लेक दोन दिवस कॅमेऱ्याकडे फिरकली नाही.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह येतो. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 सलीम अलींच्या. शाळेच्या फलकासाठी सहकाऱ्यांनी तोच फोटो मागितला. इतका स्वच्छ फोटो दुसरा नाही, म्हणाले, आणि खरंच होतं ते. आम्हीही डगमगलो, खोटं कशाला बोला. सलीम अलींची सुरुवातसुद्धा छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या, पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीपासूनच झाली ना, असं स्वतःला सांगूनही पाहिलं. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना ती चिमणी घेऊन मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं होतं. पण तो मुलगा माहिती विचारायला गेला होता, आम्ही तर वाहवा घ्यायला निघालो होतो.

लेकच म्हणाली, "अब्बू, तो नको."

मग 6400 चा एक फोटो लावला. संध्याकाळचा काळसर, दाणेदार, मेंदीच्या आड अर्धा दिसणारा शिंपी. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, इतका अंधारा का काढला?" तास संपायला दहा मिनिटं होती. आम्ही खडू ठेवला आणि चिमट्याची सगळी हकिकत मुलांना सांगितली.

या जुलैत शिंप्याने लिंबात घरटं केलं, पार आत, काट्यांमध्ये. खिडकीतून त्याची फक्त शेपटी दिसते.