उतारावर लावलेला ट्रॅक्टर

सारंगखेड्यात तापीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला रात्री एखादा जुना ट्रॅक्टर उभा असतो. चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा, उतारावर सोडायचा, वेग आला की गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, इंजिन धरतं. मालकाला विचारलं तर म्हणतो, तिथे लावलेला बरा पडतो. मला तेवढं पुरतं. बॅटरी, सेल्फ किंवा कॉम्प्रेशन, तिन्हींपैकी एक गेलं आहे. ट्रॅक्टर बिघडला हे कबूल करायच्या आधी माणूस आपल्या सवयी बदलतो. म्हणून मी आधी सवयी विचारतो: रात्री कुठे लावता? एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरावा लागतो का? किती दिवसांनी ऑइल घालता?

दत्तजयंतीला आमच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, मगच भाव बोलतो. तोच माणूस जुना ट्रॅक्टर घेताना रंग आणि टायर बघून येतो. विकणाऱ्याने गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास इंजिन चालवून ठेवलेलं असतं, आणि तापलेलं इंजिन कमी कॉम्प्रेशन झाकून नेतं. ओळखीच्यांना मी सांगतो, मार्गशीर्षातल्या थंडीत उजाडताच जा आणि आधी हेडवर हात ठेवा. गार लागलं पाहिजे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला हेच चालवून दाखवलं. हवा कुठून निसटली की उष्णता कमी पडते, न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं आणि डोळे चुरचुरतात.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावचे एक नाना तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर घेऊन आले. "याना दम गया, भाऊ," म्हणाले. कुणीतरी त्यांना फुल इंजिन काम सांगितलं होतं: लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं. पपईचे पैसे अजून हातात आले नव्हते.

सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. इंजिन चालू करून एकेका नोझलचा पाइप ढिला केला. पहिला, दुसरा ढिला केला की आवाज पडायचा. तिसऱ्याला काहीच फरक नाही. ब्रिदरमधून वाफ येत होती, पण भपके नव्हते. रिंगा संपलेल्या असत्या तर ऑइलचं झाकण हाताखाली उडालं असतं. मग टॅपेट. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फिलर गेजची पात आत शिरेचना. तिथेच अर्धं उत्तर मिळालं, पण अर्ध्या उत्तरावर हेड काढायचं नसतं.

टॅपेट सेट केले. नोझल काढून डिझेलचा गेज लावला, स्टॉप ओढून धरला. दोन सिलिंडर पावणेचारशे पौंडांच्या आसपास, तिसरं अडीचशेच्या आत. आकड्यापेक्षा आकड्यांमधलं अंतर जास्त बोलतं. तिन्ही सारखी उतरलेली असती तर मी झिजेकडे वळलो असतो. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं. रिंगा गळत असतील तर ऑइल फट बुजवतं आणि काटा चढतो. काटा जवळजवळ तिथेच. चमचाच घालायचा, कारण डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी की जास्त ऑइल स्वतःच जागा भरून दाब खोटा वाढवतं.

शेवटी पिस्टन बरोबर वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दिली. पिस्टन जरा खाली असला तर हवा इंजिन फिरवते. पंख्याजवळ हात नको. मग ऐकायचं. ही वेळ मला सगळ्यात प्रिय आहे. गॅरेजमधली मुलं गप्प करायची, रेडिएटरमध्ये बुडबुडे बघायचे, इनटेकच्या पाइपाला, ब्रिदरला, सायलेन्सरला कान लावत फिरायचं. फुसफुस सायलेन्सरमधून येत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता.

हे सगळं दुपारपर्यंत चाललं. नाना दोनदा म्हणाले, खोलून टाक ना. मी खोललं नाही, कारण बरीच वर्षं झाली, एकाचं इंजिन मी न तपासता खोललं होतं. नवे लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं बसवलं, आणि एअर क्लिनरचा फाटलेला रबरी पाइप तसाच ठेवला. कापसाच्या रानातली धूळ त्या फटीतून सरळ आत गेली. एका हंगामात नव्या रिंगा घासून ट्रॅक्टर ऑइल खायला लागला. तो शेतकरी मला एक शब्दही बोलला नाही. त्याचे पैसे माझ्यामुळे मातीत गेले होते. तेव्हापासून पहिला हात त्या पाइपावर जातो. नानांच्या पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती; ती काढून नवा पाइप घातला.

हेड उतरवलं, एक व्हॉल्व्ह बदलला, सीट काढली, बाकीचे लॅपिंग केले, नवं गॅस्केट. लायनरला हात लावला नाही. परवा पहाटे पुलाकडे जाताना त्यांच्या दारावरून गेलो. ट्रॅक्टर अंगणात, सपाट जमिनीवर उभा होता.