मिस्टर पो यांचा खोकला

‘द बॅड बिगिनिंग’ ही मुलांसाठीची कादंबरी १९९९ साली आली. लेखक अमेरिकेचे डॅनियल हँडलर, टोपणनाव लेमनी स्निकेट. आगीत आईवडील जातात. व्हायलेट, क्लॉस आणि तान्ही सनी ही भावंडे काउंट ओलाफ या दूरच्या नातेवाइकाच्या घरी येतात. त्याला मुले नकोत, त्यांचा पैसा हवा. सुखान्त हवा असेल तर दुसरे पुस्तक घ्या, असे लेखक सुरुवातीलाच बजावतो. इतके दुःख, तरी वाचताना हसू येते.

सातवीच्या वर्गाला मी ही गोष्ट मराठीतून सांगितली. ओलाफ क्लॉसच्या थोबाडीत मारतो. मुले बँकेत मिस्टर पो यांच्याकडे धावतात. हे गृहस्थ भले, पण सतत खोकणारे. ते ऐकून घेतात आणि आता तोच तुमचा पालक, असे समजावून मुलांना परत पाठवतात. मी खोकून दाखवले. वर्ग हसला. एक मुलगा हसला नाही.

वडील गेल्यापासून तो चाचांकडे राहतो. गेल्या वर्षी मला काही सांगायला आला होता. “चाचा मोठे आहेत बेटा, सांभाळून घे,” म्हणत मी हजेरीपटात डोके घातले होते. उर्दूच्या तासाला ‘यतीम’ शब्दाचा अर्थ मीच शिकवते.

ओलाफ होणे मला कधी जमणार नाही. मिस्टर पो होणे मात्र सहज जमले होते.

तास संपल्यावर त्याला थांबवले. हजेरीपट मिटला.

“त्या दिवशी काय सांगत होतास?”